जर्मनीत एम.एस. : निपाणीच्या पत्त्यावरून अर्ज कोणत्या शहरातून, शिष्यवृत्ती कोणत्या राज्याची आणि तारण काय ठेवावे?

निपाणीकर पालक

सर्वांना नमस्कार. मी कर्नाटकातील निपाणी तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिक्षक आहे. माझी कन्या बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या सातव्या सेमिस्टरला असून महाविद्यालय विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी, म्हणजे व्हीटीयूशी संलग्न आहे. तिचा सीजीपीए आजपर्यंत ८.२ आहे आणि बॅकलॉग एकही नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पीयुसीपासून (अकरावी-बारावी) इंग्रजी, असा आपल्या भागातील बहुतेक मुलांचा असतो तसाच तिचाही प्रवास आहे. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून जर्मनीतील सरकारी विद्यापीठात एम.एस. करावे, असे तिच्या मनात आहे.

आम्हाला कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर, त्यामुळे प्रथम तेथील एका सल्लागाराकडे गेलो. त्यांनी ‘फाइल मुंबईहून करू’ असे सांगून एका खाजगी जर्मन विद्यापीठाचे माहितीपत्रक हाती दिले आणि आगाऊ रक्कम मागितली. ती मी दिलेली नाही. दरम्यान आमच्या व्हॉट्सॲप गटावर महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात आली आहे. आपले गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांत मोडत असल्याने आपल्यालाही ती लागू होईल, असे काही मंडळी ठामपणे सांगतात. हे खरे आहे का?

पैशाचे म्हणाल, तर तीन एकर ऊस आहे आणि निपाणी शहरात राहते घर आहे, पण ते अजून माझ्या दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. शिवाय मुलीच्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या मार्क्स कार्डावर आडनाव आधी आहे, पीयुसीच्या कार्डावर माझ्या नावाचे केवळ आद्याक्षर आहे आणि पासपोर्टवर तिचे, माझे व आडनाव अशी तिन्ही नावे पूर्ण आहेत. यातील कोणत्या कामाला प्रथम हात घालावा, हे जाणकारांनी सांगावे.


खानापूरकर (सध्या डार्मस्टाट)

नमस्कार सर. मी खानापूर तालुक्यातला, व्हीटीयूचाच विद्यार्थी. मुंबईचा विषय आधी निकालात काढतो. आपण घरी कोणती भाषा बोलतो आणि बाजाराला कोणत्या गावी जातो, याच्याशी जर्मन व्हिसाचा काहीही संबंध नाही. आपला पत्ता कोणत्या राज्यातला, एवढेच पाहिले जाते. कर्नाटक आणि केरळ ही राज्ये बेंगळुरूच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे येतात आणि महाराष्ट्र मुंबईकडे. महाराष्ट्रातील कागलच्या मुलाने मुंबईला जायचे आणि तेथून हाकेच्या अंतरावरील निपाणीच्या मुलीने बेंगळुरूला, हे कितीही विचित्र वाटले तरी नियम असा आहे. ‘मुंबईहून करू’ म्हणणाऱ्याने आपल्या मुलीच्या पासपोर्टवरील पत्ता पाहिलाच नाही, असे मी समजेन. खाजगी विद्यापीठाच्या माहितीपत्रकाबद्दल एवढेच सांगतो की, विद्यार्थी आणून दिल्याबद्दल सल्लागाराला दलाली मिळते ती बहुधा खाजगी संस्थांकडून. सरकारी विद्यापीठाकडून त्याला काहीही मिळत नाही, म्हणून तो त्यांचे नाव सहसा काढत नाही.

यानंतर येते एपीएस. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याला जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. नवी दिल्लीचे एपीएस कार्यालय आपली मार्क्स कार्डे खरी आहेत का, याची पडताळणी करून ते देते आणि त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. अनेक विद्यापीठे ते प्रवेश-अर्जासोबतच मागतात, त्यामुळे व्हिसाच्या वेळी बघू म्हणून चालत नाही. नावांचा प्रश्न नेमका येथे आडवा येतो. पासपोर्ट हाच पाया धरावा आणि एपीएस, आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाचा अर्ज, बँक या सर्व ठिकाणी नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर तेच लिहावे. मार्क्स कार्डावर नावांचा क्रम वेगळा असणे किंवा आद्याक्षर असणे ही कर्नाटकात सर्रास दिसणारी गोष्ट आहे. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोरील इंग्रजी प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. स्पेलिंगच निराळे असेल, तर मात्र मंडळाकडे रीतसर दुरुस्तीचा अर्ज करावा आणि तो आजच करावा, कारण त्याला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. आपल्या पिढीच्या जन्मदाखल्यांवर ‘बेळगाम’ आणि नंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’ दिसते, त्याची चिंता करू नये. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बदलले, हे सर्वांना ठाऊक आहे.

आता ८.२ विषयी. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम आणि ४.० हा उत्तीर्णतेचा शेवटचा गुणांक आहे, आणि आपले गुण त्यात बसवण्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. किमान उत्तीर्ण गुण ४ धरले तर ८.२ चे १.९ होतात, ५ धरले तर साधारण २.१. बऱ्याच अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ च्या आसपास असते, त्यामुळे दोन्ही परींनी आपली मुलगी आत आहे. तरीही विद्यापीठाकडून मिळणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर (सर्व सेमिस्टरच्या गुणांच्या एकत्रित पत्रकावर) किंवा ग्रेडिंगच्या पत्रकावर किमान गुण स्पष्ट छापलेले असावेत, नाहीतर समोरचा आपल्या समजुतीने आकडा धरतो. व्हीटीयूचे मुख्यालय मच्छे येथील ज्ञानसंगममध्ये, म्हणजे अगदी दारात आहे. बीदरच्या किंवा मंगळुरूच्या मुलाला ते किती लांब पडते, त्यामानाने आपण सुदैवी आहोत.

गुणांइतकेच, किंबहुना कांकणभर जास्त, महत्त्व विषयांच्या जुळणीला असते. गणित, मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स यांचे अमुक इतके क्रेडिट झाले आहेत का, हे तेथील समिती मोजते आणि त्यासाठी प्रत्येक विषयाचा तपशील मागते. मुलगी ज्या स्कीमची, म्हणजे विद्यापीठाच्या ज्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची आहे, त्याच स्कीमचा अभ्यासक्रम डाउनलोड करून विषयवार पाने वेगळी करावीत. मागच्या स्कीमचे पान जोडले गेले, तर मार्क्स कार्डावरील विषयाचा कोड जुळत नाही आणि अर्ज तेवढ्यावर अडतो.

तारखांबाबत बेफिकीर राहू नये. हिवाळी सत्राची सर्वसाधारण अंतिम तारीख १५ जुलै सांगितली जाते, परंतु युरोपबाहेरील विद्यार्थ्यांसाठी मोठ्या विद्यापीठांच्या तारखा मार्च ते मे या काळातच उलटून जातात. तोपर्यंत आठव्या सेमिस्टरचा निकाल लागलेला नसतो, म्हणजे अर्ज सातव्यापर्यंतच्या गुणांवर करायचा आणि पदवीचा कागद नावनोंदणीच्या वेळी द्यायचा. काही विद्यापीठे अर्ज थेट घेतात, काही ‘युनि-असिस्ट’ या अर्ज तपासणाऱ्या सामाईक संस्थेमार्फत, तेथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्राच्या पुढील प्रत्येक अर्जाला ३० युरो पडतात. म्हणून वीस ठिकाणी अर्ज टाकण्यापेक्षा विषय जुळणारी सहा-सात निवडावीत.

हेतुपत्राचे, म्हणजे एसओपीचे एक सांगतो आणि थांबतो. ‘लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती’ या वाक्याने सुरू होणारी पत्रे तेथे ढिगाने येतात. मुलीने बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत प्रोजेक्ट केला असेल, तर तेच लिहावे. पंपाच्या केसिंगमध्ये ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) येत होते, वाळूतील ओलावा आणि रायझरची जागा बदलून पाहिली, रिजेक्शन कितीवरून कितीवर आले, आणि एवढे करूनही जे उमगले नाही ते शिकण्यासाठी तुमच्याकडे कास्टिंग सिम्युलेशनचा कोणता विषय आहे. असा एक परिच्छेद समितीला पुरतो. असा प्रोजेक्ट झाला नसेल, तर अजून आठवे सेमिस्टर शिल्लक आहे.


शहापूरचा निवृत्त बँकर

गुरुजी, नमस्कार. पैशाचे मी सांगतो, कारण माझी सारी नोकरी याच कामात झाली.

प्रथम खर्चाचा अंदाज घेऊ. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, सेमिस्टरमागे काहीशे युरोचे अंशदान असते आणि त्यात पुष्कळ ठिकाणी प्रवासाचा पासही येतो. अपवाद ध्यानात ठेवावेत. बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग राज्य, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरुहे, फ्रायबुर्ग वगैरे, युरोपबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क लावले आहे. मुख्य रक्कम लागते ती ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्या-जेवण्याच्या खर्चाची हमी म्हणून उघडायच्या खात्याला : वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि तेथे गेल्यावर महिन्याला ९९२ याप्रमाणे काढायचे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर हे बारा लाख झाले. आरोग्य विमा त्यातूनच जातो. त्यावर एपीएस, आयईएल्टीएस, अर्ज, व्हिसा, तिकीट आणि पहिल्या घराचे डिपॉझिट. पहिल्या वर्षाला पंधरा लाखांची तजवीज असावी, असे मी म्हणेन. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, पण पहिल्या वर्षाचा हिशेब त्या कमाईवर मांडू नये.

आता कर्ज. सरकारी बँकांत साडेसात लाखांपर्यंत सहसा स्थावर तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. येथे आपल्या भागातील शेतकरी कुटुंबांची हमखास निराशा होते. ऊस चांगला असला, बागायत असली, तरी शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. कारण बँकांच्या तारण-वसुलीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवर त्या कायद्याखाली वसुली करता येत नाही. मॅनेजरवर रागावून उपयोग नाही. शेताचा उतारा उत्पन्नाचा पुरावा म्हणून कामी येतो, तारण म्हणून नव्हे.

म्हणजे आपल्याकडे उरते ते घर, आणि ते वडिलांच्या नावावर आहे. गुरुजी, कोणत्या कामाला प्रथम हात घालावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याच. नगरपालिकेत वारसा नोंद करून घ्यावी. भाऊ-बहिणी असतील तर त्यांची संमती, वाटणीपत्र किंवा हक्कसोड रजिस्टर करून घ्यावी. त्यानंतर ई-खाता (नगरपालिकेचा संगणकीकृत मिळकत उतारा), सब-रजिस्ट्रारकडून ईसी (मिळकतीवरील बोजाचा दाखला) आणि चालू वर्षाची घरपट्टी. हे सर्व झाल्यावरच बँकेच्या पॅनेलवरील वकील टायटल पाहतो आणि मग मूल्यांकन करणारा घरी येतो. आपल्याकडे बहिणींची सही शेवटच्या आठवड्यात आठवते आणि मग दिवाळीला कोण कोणाकडे गेले नाही, याची उजळणी सुरू होते. आधी घरात बसून बोलणे झाले, तर पुढचे सगळे सोपे जाते. ज्यांचे घर नगरपालिका हद्दीत नसून ग्रामपंचायतीत आहे, त्यांना ई-स्वत्तु या पंचायत मिळकतींच्या संगणकीय नोंदीचे फॉर्म ९ आणि ११ लागतात; साधा हाताने लिहिलेला पंचायत उतारा बँक बाजूला सारते.

आणखी दोन गोष्टी. शिक्षण शुल्क शून्य असल्यावर काही शाखा गोंधळतात, कारण कर्जाचा हप्ता थेट विद्यापीठाला पाठवायची त्यांना सवय असते. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटला रक्कम वर्ग होईल का, हे मंजुरीपत्रात लिहून घ्यावे. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना देशातील निवडक संस्थांसाठी आहे. तिच्या व्याजसवलतीच्या भरवशावर परदेशाचा हिशेब करू नये. आपण पगारदार आहात, तेव्हा व्याजाची वजावट प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत मिळते, हेही टिपून ठेवावे.


उद्यमबाग

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. मुलीला मेकॅनिकलमध्येच राहायचे असेल, तर पदवीनंतर लगेच जाण्याची घाई कशासाठी? येथे फाउंड्री आहेत, हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. दोन वर्षे शॉप फ्लोअरवर काढलेला मुलगा जर्मन प्राध्यापकासमोर वेगळ्या आत्मविश्वासाने बोलतो. घराचा वारसा, नावांची दुरुस्ती, जर्मन भाषा ही कामेही त्या काळात निवांत होतील. वर्गात इंग्रजी चालते, पण तेथील कारखान्यात जर्मनच लागते, आणि ती ए-१ या प्राथमिक पातळीवरून बी-२ या वरच्या पातळीपर्यंत नेण्यास वेळ द्यावाच लागतो. पुणे आणि बेंगळुरू या दोन्ही ठिकाणी जर्मन शिकवणारे माक्स म्युलर भवन आहे.


टिळकवाडीची प्राध्यापिका

शिष्यवृत्तीबाबत व्हॉट्सॲपवर जे फिरते आहे, त्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते. विवादित सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशात ‘टाइप ई’ म्हणून संधी मिळते आणि ८६५ गावांची यादी तेथे कामी येते. ती सवलत त्या त्या प्रवेश-नियमातून आलेली आहे. परदेश शिष्यवृत्ती हा स्वतंत्र शासन निर्णय असतो आणि त्याची पात्रता त्याच निर्णयात पाहायची. अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो किंवा मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’मार्फत दिली जाणारी महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती असो, अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी असावा, ही अट त्यात आहे. आपला जातीचा दाखला कर्नाटकच्या तहसीलदारांचा आणि रहिवासही कर्नाटकचा. भावना काहीही असोत, अर्ज छाननीतच बाजूला पडतो. कुणाला तरीही विचारायचे असेल, तर संबंधित कार्यालयाला ई-मेल करून लेखी उत्तर घ्यावे. गटावरील ठाम मताला पुरावा म्हणत नाहीत.

याच न्यायाने, जे कर्नाटकचे आहे ते हक्काने मागावे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या समाजकल्याण खात्याची ‘प्रबुद्ध’ योजना आहे. अर्ज कन्नडमध्ये असतो, दाखले नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) येतात, आणि एवढ्याच कारणाने आपली मुले तिकडे फिरकत नाहीत, हे मी दर वर्षी पाहते. राज्यनिरपेक्ष अशाही काही योजना आहेत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या १२५ जागा अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी असून कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डोमेंटची मदत जात-प्रांत पाहत नाही. मात्र ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, परत फेडावी लागते. युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस योजनेतील संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत निवड झाली, तर शुल्क माफ होऊन महिन्याला १,४०० युरो मिळतात. त्यांचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत असतात, म्हणजे आपल्या मुलीला आत्ताच करता येईल.

वर ‘उद्यमबाग’ यांनी जे सुचवले, त्याला एक पुस्ती जोडते. विकासाशी निगडित अभ्यासक्रमांसाठी डाड या जर्मन संस्थेची जी शिष्यवृत्ती आहे, तिला पदवीनंतरचा किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. नोकरीची दोन वर्षे त्या दृष्टीने वाया जात नाहीत.


निपाणीकर पालक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री घरी हे सर्व मोठ्याने वाचले. दोन्ही बहिणींना फोन झाला आहे. धाकटी येत्या रविवारी येते, थोरली गडहिंग्लजला असते, तिच्याकडे मीच जाईन. कन्येचे म्हणणे असे की, अर्ज यंदाच करावेत, प्रवेश मिळाला आणि कर्ज वेळेत बसले तर जावे, नाहीतर उद्यमबागेत नोकरी धरून पुढील वर्षी पुन्हा प्रयत्न करावा. मलाही ते पटते. एकच शंका राहिली. अभियांत्रिकीचे माध्यम इंग्रजी असल्याचे महाविद्यालयाचे पत्र दिले, तर आयईएल्टीएसची गरज नाही, असे तिच्या मैत्रिणी म्हणतात.


खानापूरकर (सध्या डार्मस्टाट)

काही विद्यापीठे ते पत्र स्वीकारतात, पण केवळ पत्रावर अवलंबून राहिल्यास निवडीची यादी निष्कारण आखूड होते, म्हणून परीक्षा द्यावी. तिचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो, तेव्हा डिसेंबरच्या आसपास दिली तरी यंदाच्या आणि पुढील वर्षाच्या, दोन्ही अर्जांना तोच चालेल. मराठी माध्यमाच्या मुलांना वाचन व व्याकरण जड जात नाही. बोलण्याच्या चाचणीत मात्र उत्तर दोन वाक्यांत संपते. रोज एखाद्या मशीनविषयी किंवा गावच्या बाजाराविषयी दोन मिनिटे अखंड इंग्रजीत बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करण्यास तिला सांगावे. परीक्षेला जाताना मूळ पासपोर्ट लागतो, आधार चालत नाही.


शहापूरचा निवृत्त बँकर

गुरुजी, थोरल्या बहिणीचे घर महाराष्ट्रात असले तरी मिळकत निपाणीची आहे, त्यामुळे हक्कसोडीची नोंदणी कर्नाटकातच, बेळगाव जिल्ह्यातील सब-रजिस्ट्रारकडे होईल आणि मुद्रांकही कर्नाटकचा लागेल. थोरल्या बहीणबाई आजारपणामुळे किंवा वयामुळे येऊ शकणार नसतील, तर नोंदणीकृत मुखत्यारपत्राचा मार्ग आहे. गडहिंग्लजला जाण्यापूर्वी वकिलाकडून मसुदा तयार करून सोबत न्यावा.